आफ्रिकेचे लोणी

१२ नोव्हेंबर १९७२, रविवार, सकाळी पावणेसात वाजता मी घर सोडले. तालुक्याच्या गावी, आटपाडीच्या स्टँडवर, सांगलीची एस.टी. उभी होती आणि ड्रायव्हर टायरला लाथ मारून हवा अजमावत होता. मला पोचवायला तिघे आले होते. वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, मेंढरे घेऊन कृष्णाकाठी उतरले होते. कळप भावकीच्या स्वाधीन करून ते आदल्या संध्याकाळी परतले होते. आई होती. आणि आईच्या मागे, पदर पुढे ओढून, माझी पत्नी सुमन. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

सुमन सातारा जिल्ह्यातली, खंडाळ्याकडची. तिचे वडील फौजेत होते, त्यामुळे छावणीतल्या शाळेत ती चार यत्ता अधिक शिकली होती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचे नाही ही आमच्याकडची रीत. म्हणून तिला मला जे सांगायचे होते ते तिने आईला सांगितले, आणि आईने ते मला सांगितले नाही.

मी कोयनानगरला ओव्हरसियर होतो. भूकंपानंतरची दुरुस्तीची कामे आटोपत आली होती. उत्तर नायजेरियात एका धरणाचे काम निघाले, आणि काँक्रीटवर देखरेख केलेली माणसे एका कंपनीला हवी होती. मी अर्ज केला व निवडला गेलो. पत्नीला पहिल्या कराराच्या मुदतीत नेता येणार नव्हते. आमच्या घरात या विषयावर चर्चा झाली नाही. आमच्या घरात कोणत्याच विषयावर चर्चा होत नसे.

गाडी हलली तेव्हा आई खिडकीजवळ आली आणि एवढेच म्हणाली, "अंगाला तेल लावत जा." परदेशी निघालेल्या मुलाला सांगण्याजोगे दुसरे काही तिला सुचले नसावे, असे मला वाटले. मी मान हलवली.

तेलाचे महत्त्व मला तिथे पोचल्यावर महिनाभरातच कळले. कानो शहराच्या पुढे, मोकळ्या माळावर, आमचा कॅम्प होता. डिसेंबरपासून तिथे वाळवंटाकडून कोरडा वारा सुटतो; त्याला हरमॅटन म्हणतात. आटपाडीचा माळ मी पाहिलेला होता, कोरडेपणाची मला सवय होती. पण हा वारा निराळा. सूर्य दिवसभर धुळीआड राही, टेबलावरची फुटपट्टी वाकडी होई, ओठ बोलताना फाटत. सिमेंटने आधीच खाल्लेल्या माझ्या हातांना भेगा पडल्या आणि पेन धरणे अवघड झाले. बरोबर नेलेले खोबरेल संपले होते.

आमच्या मेसच्या स्वयंपाक्याची पत्नी हलिमा भोपळ्याच्या वाळक्या कवचात भाजी घेऊन कॅम्पवर येत असे. माझे हात पाहून ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने पानात गुंडाळलेला एक पिवळसर गोळा आणून दिला. तिच्या हौसा भाषेत त्याला 'कडान्या' म्हणतात. आज शहरांत जे शिया बटर म्हणून विकतात, ते हेच. एका रानटी झाडाच्या बिया उकडून, वाळवून, भाजून, कुटून त्यांचा लगदा करतात. मग पाणी घालून तो हाताने फेसतात. स्निग्धांश वर येतो, तो काढून कढवतात. हे सगळे काम बायकांचे. मी ते पुढे पाहिले, आणि फेसणाऱ्या हातांची चाल मला ओळखीची वाटली. ताकावरचा गोळा आई तशीच गोळा करत असे.

गोळ्याला धुराचा आणि भाजलेल्या शेंगांच्या टरफलाचा वास होता. तळहातावर घासले की तो विरघळे. माझे हात बरे झाले. हलिमा तो हातापायांना लावी, पोरांच्या अंगाला लावी आणि स्वतःच्या चेहऱ्यालाही लावी. तिचा चेहरा नितळ होता. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्याचा दोष त्या पदार्थावर सरसकट टाकणे योग्य होणार नाही.

करार वाढवून मिळाला, आणि या वेळी पत्नीला आणण्याची परवानगीही. जानेवारी १९७५ मध्ये मी रजेवर आलो तो तिला घेऊन जाण्यासाठीच. तिचा पासपोर्ट तिच्या वडिलांच्या खटपटीने तयार होता. एकच गोष्ट राहिली होती. देवीची लस टोचून घेऊन तसा दाखला मिळवायचा. टोचल्यावर काही दिवस गेल्याखेरीज दाखला ग्राह्य नसे, आणि त्याशिवाय विमानात बसू देत नसत. माझी रजा मोजकी होती. दाखला वेळेत झाला नाही, तर सुमन पुढच्या रजेपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षे, मागे राहणार होती.

सामानात मी दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात कडान्या भरून आणला होता. आईच्या टाचांसाठी. तिच्या टाचांच्या भेगा इतक्या खोल होत्या की घोंगडीवरून चालली तर लोकरीचे धागे अडकत. माझ्याकडून काही घेणे तिला आवडत नसे. पण डबा तिने उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "धूर लागलेलं लोणी हाय हे." पंधरवड्यात टाचा भरून आल्या. मग गावातल्या बायका टाचा दाखवायला येऊ लागल्या, आणि आई ओसरीवर बसून प्रत्येकीला बोटाच्या पेराएवढे लोणी देऊ लागली. 'आफ्रिकीचं लोणी' हे नाव तिनेच पाडले. आप्पांचे मत निराळे होते. आयुष्यभर मेंढरांच्या लोकरीत वावरलेल्या त्यांच्या तळहातांना लोकरीचे तूप मुरलेले. ते हात मऊच होते. त्यांनी ते लोणी आपल्या वहाणांना चोळले आणि चामड्यासाठी याच्यासारखा जिन्नस नाही असा निर्वाळा दिला.

सुमनचे काय चालले होते याकडे माझे लक्ष नव्हते. कॅम्पवरच्या इंजिनियरांच्या बायकांचा एक फोटो मी पूर्वी घरी पाठवला होता. तो तिने पुष्कळदा पाहिला होता. तीन वर्षे आमच्या माळावर उन्हात राबून तिचा चेहरा रापला होता. त्या बायकांत आपण शोभणार नाही असे तिने मनाशी ठरवले, आणि उपायही स्वतःच शोधला. जानेवारीच्या थंडीत लोणी दगडासारखे घट्ट होई; म्हणून चुलीला जोडलेल्या वैलाच्या मंद आचेवर ते पातळ करून, त्यात निम्मे खोबरेल घालून, रोज संध्याकाळी ती चेहऱ्यावर जाड थर देऊ लागली. वर चुलीचा धूर. मग डोक्यावरून घोंगडी घेऊन झोप.

एके दिवशी सकाळी तिच्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर लाल पुटकुळ्या उठलेल्या दिसल्या. काहींच्या टोकाला पू होता.

आईने तिला दारात थांबवले. चेहऱ्याकडे पाहिले. मग हात जोडले.

ज्यांचा जन्म पुढच्या काळातला आहे त्यांना हे सांगायला हवे. त्या वेळी देवीचा रोग पुरता गेलेला नव्हता. तो अंगावर उठला की रोग म्हणत नसत. घरात बाई आली म्हणत. बाई आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, परक्याला उंबऱ्याआत घ्यायचे नाही. रोग्याशी मोठ्या आवाजात बोलायचे नाही. कारण ती तेवढे दिवस घरची सून किंवा लेक नसते, देवी असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, त्या घरात सुई येऊ द्यायची नाही. बाईला तो अपमान वाटतो.

आईच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी ती त्यातून वाचली होती. या विषयात घरात तिच्यावर कोणी नव्हते.

मधल्या खोलीत सुमनसाठी घोंगडी अंथरली गेली. मला आत जाण्याची मनाई झाली. मी आईला म्हटले की अंगात ताप नाही, ही देवी असणे शक्य नाही. आई म्हणाली, "ती काय ताप सांगून येती व्हय रं?" मी म्हटले की तालुक्याला डॉक्टरांना दाखवू आणि टोचूनही घेऊ. तिने हात जोडलेलेच ठेवले आणि सांगितले की बाई जाईपर्यंत या घरातून कोणी कुठे जाणार नाही आणि सुईचे नाव निघणार नाही. मी आप्पांकडे पाहिले. ते वहाणांकडे पाहत होते.

त्यानंतरचे दिवस मी ओसरीवर काढले. जेवणात फोडणीविना शिजवलेली डाळ आणि दहीभात. आतून आईचा आवाज येई, आणि तो मी पूर्वी ऐकलेला नव्हता. लग्न झाल्यापासून ती सुमनला 'खंडाळकरीण' म्हणत असे; खंडाळकरणीला भाकरी थापता येत नाही, खंडाळकरणीला शेळीची धार काढता येत नाही. आता ती म्हणत होती, "बाई, दोन घास घ्या. बाई, थंड व्हा." ती सुमनला हाताने भरवत होती. लिंबाच्या पाण्याने तोंड पुसत होती. एकदा दाराच्या फटीतून मला दिसले की ती सुमनच्या पायाशी बसून तिच्या टाचांना आफ्रिकेचे लोणी चोळत आहे. सासूने सुनेच्या पायाला हात लावलेला आमच्या गावात कोणी पाहिला नसेल. देवीच्या पायाला मात्र लावता येतो.

मी दारातून बाजूला झालो. रजेचे दिवस जात होते, आणि माझा विचार तेवढाच होता.

देवीच्या रोग्याची खबर देणाऱ्याला सरकारी बक्षीस जाहीर झालेले होते. शेजारच्या गणपाने ती संधी सोडली नाही. त्यामुळे एके दिवशी सकाळी लस टोचणारे गृहस्थ सायकलवरून आमच्या दारात उतरले. गावात त्यांना देवी डॉक्टर म्हणत. त्यांच्यामागे गणपा होता, आणि गणपामागे निम्मी आळी.

आई उंबऱ्यावर उभी राहिली. आत येता येणार नाही म्हणाली.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. सायकलच्या कॅरियरची दोरी सोडून त्यांनी एक चित्र काढले. देवी आलेल्या मुलाचे ते रंगीत चित्र ते गावोगाव दाखवत असत. बाहेरूनच त्यांनी विचारले की पुटकुळ्या हातापायांवर आहेत का, तळव्यांवर आहेत का, आधी ताप आला होता का. आईने कशाचेच उत्तर दिले नाही. तेव्हा ते तिच्या चेहऱ्याकडे पाहून सौम्यपणे म्हणाले, "मावशी, तुमच्याच तोंडावर वण आहेत. देवी कशी असते हे मी तुम्हाला काय सांगणार?"

डॉक्टरांनी विचारले की चेहऱ्याला काही लावता का.

उत्तर आतून आले. परक्या पुरुषाला सुमनने दिलेले ते पहिलेच उत्तर असावे. "लावते. आफ्रिकीचं लोणी, खोबरेल घालून."

आळी हसली. गणपा हसला नाही. आई उंबऱ्यावरून हलली नाही, पण म्हणाली, "मी टाचंला लावलं, तवा मला काय झालं न्हाई."

"टाचेची कातडी जाड. तिच्यात तेलाच्या गाठी नसतात. तोंडाची कातडी त्यांनी भरलेली. वरून घट्ट लोणी, त्यात खोबरेल, त्यावर धूर. रंध्रं बुजली, आतलं तेल आत अडकलं. दुसरं काही नाही. लावणं थांबवा, तोंड साध्या पाण्यानं धुवा, आपोआप जाईल."

सगळे आईकडे पाहत होते. तिने आधी दाराचा डहाळा सोडला. मग आत गेली, आणि सुमनचा हात दंडाला धरून तिला बाहेर घेऊन आली. पदर सारून तिने तो दंड डॉक्टरांपुढे केला. "टोचा," ती म्हणाली. सुई लागताना सुमनने डोळे मिटले. आईने मिटले नाहीत.

डॉक्टरांनी दाखल्याचा कागद तालुक्याहून न्यायला सांगितले आणि ते गेले. गणपा घुटमळला. बक्षीस न्हाई तर न्हाई, म्हणाला, वाईच लोणी तरी द्या, माझ्या बी टाचा फुटल्यात. आईने त्याला पेरभर लोणी दिले.

दुपारी ती डाळीला फोडणी देत होती. मोहरी तडतडली. मी चुलीजवळ गेलो आणि विचारले की तुला खरोखर देवी वाटली होती का.

तिने वर पाहिले नाही. "मी काय नाकानं आंधळी हाय व्हय रं? पयल्याच दिवशी तिच्या तोंडाला त्या लोण्याचा वास आला." फोडणी डाळीवर ओतून म्हणाली, "तू तर तिला नेणारच हायस. चार दिवस माझ्याजवळ ऱ्हायली, ऱ्हायली."

 

पुढच्या हरमॅटनमध्ये, कॅम्पवर, सुमनने आपण होऊन एक गोष्ट सांगितली. त्या पुटकुळ्या लोण्याच्या आहेत हे तिलाही दुसऱ्या दिवशीच कळले होते. तशाच पुटकुळ्या तिला सोळाव्या वर्षी, खोबरेल चोपडल्यावर, आल्या होत्या. मग ती बोलली का नाही, असे मी विचारले. तिचे म्हणणे असे की आत्याबाई कधी नव्हे त्या जवळ बसल्या होत्या. दाखल्याचे जे व्हायचे ते झाले असते. सासूला मात्र खरोखर देवी वाटली आणि आपण तिला फसवले, याची खंत तिला पुष्कळ दिवस होती.

आईने मला काय सांगितले होते, ते मी सुमनला सांगितले नाही. तिने मला काय सांगितले, ते आईलाही कळवले नाही. दोघींमधली ती बाब होती. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. सुमन आत चहा करते आहे. हे छापून आले की ती वाचेल, आणि तेव्हा तिला प्रथम कळेल.

आठवण निघाली ती नातीमुळे. ती जर्मनीत असते. दिवाळीला आमच्याकडे सांगलीला आली तेव्हा तिच्या बॅगेत शिया बटरची बाटली होती. पांढरीशुभ्र, सुवासिक, धुराचा मागमूस नसलेली. वर लिहिले होते की हे रंध्रे बुजवत नाही. मी वाचून बाटली परत दिली. तिने फोनवर शोधून सांगितले की काहींच्या मते बुजवत नाही, काहींच्या मते बुजवते, आणि मला विचारले की खरे काय. मी म्हटले, दोन्ही. हलिमाच्या चेहऱ्यावर बुजवले नाही, सुमनच्या बुजवले. ज्याची कातडी कोरडी त्याने खुशाल लावावे. टाचा, कोपर, हात यांना तर याहून चांगले काही नाही. ज्याचा चेहरा मुळात तेलकट, ज्याला पुटकुळ्यांची खोड, त्याने आधी जबड्याखाली थोडे लावून काही आठवडे पाहावे. जाड थर देऊ नये. खोबरेल मिसळू नये. बाटलीला तुमचा चेहरा ठाऊक नसतो.

तिने हेही विचारले की आजोबा, तुमचे घर कोणते. आटपाडी, कानो की सांगली? परदेशी गेलेली मुले हा प्रश्न हल्ली वारंवार विचारतात, आणि गावी राहिलेले तो आम्हाला थोड्या तिरकसपणे विचारतात. आटपाडीकडच्या घरात पुतण्या राहतो, त्याने स्लॅब टाकला आहे, घर उत्तम आहे. मी वर्षातून दोनदा जातो आणि पाहुण्यासारखा बाहेरच्या खुर्चीवर बसतो. सांगलीत माझे नाव दारावर आहे. पण घर म्हटले की मला ती मधली खोली दिसते, जिच्यात मला प्रवेश नव्हता आणि जिच्यात त्या दोघी, एकमेकींना न सांगता, राजीखुशीने बसल्या होत्या. मी बाहेर होतो. तरीही तेच.

लस टोचली त्या दिवसाचे थोडे उरले आहे, ते सांगून थांबतो. जेवणानंतर मी तालुक्याला जाऊन दाखल्याचा कागद आणला. येताना पांढऱ्या रंगाची डबी घेतली. आमच्याबरोबर न्यायच्या लोखंडी ट्रंकेवर माझे एकट्याचे नाव होते. ते खरवडून न काढता त्याच्याखाली मी सुमनचे नाव इंग्रजी अक्षरांत रंगवले. आई शेजारी उभी राहून पाहत होती. तिला ती अक्षरे वाचता येत नव्हती, तरी एक ओळ वाकडी गेली आहे असे तिने सांगितले, आणि ती गेली होती. मी ती पुसून पुन्हा काढली. अंगणात कोकरे मोकळी होती. त्यांनी ओला रंग चाटू नये म्हणून आप्पांची वाघर, मेंढरे कोंडायची दोरीची जाळी, मी ट्रंकेभोवती लावली आणि तिच्या चारही खुंट्या ठोकल्या.